जमीन, बाकडं, खुर्ची

घरातल्या सिनेमाच्या खोलीचं काम माझ्याकडे येतं तेव्हा पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर हे सगळं बहुतेक ठरलेलं असतं. राहिलेलं असतं ते एवढंच, की कोण कुठे बसणार. मी कोल्हापुरात अशा खोल्या आखून देते. इचलकरंजी, सांगली, निपाणीकडूनही बोलावणी येतात. घरातला कर्ता माणूस कोऱ्या नकाशाच्या मध्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "ताई, माझी खुर्ची इथं. बाकीचं तुम्ही बघा." बाकीचं म्हणजे त्याची आई, बायको, पोरं, सुट्टीत येणारे भाचे आणि मॅचच्या दिवशी जमणारी मित्रमंडळी.

असं बोट ठेवणारा तो पहिला नव्हे. इटलीतल्या निकोला सब्बात्तिनीने 1638 साली नाटकाचे देखावे आणि रंगमंचावरची यंत्रं यांवर पुस्तक लिहिलं. त्या काळी राजेरजवाड्यांच्या नाटकगृहांत रंगवलेला रस्ता लांबवर जातोय असं भासवत. तसं भासवायचं तर चित्रकाराला प्रेक्षकांतली एक जागा धरून चालावं लागतं. त्या जागेवरून पाहिलं तरच सगळ्या रेघा जुळतात. ती जागा राजपुरुषाची. शेजारच्याला तोच रस्ता जरासा वाकडा दिसे आणि जितकं बाजूला जावं तितका जास्त वाकडा. चित्राचा हिशेबच एका डोळ्यासाठी केलेला असे. आज होम थिएटरची माहितीपत्रकं ज्या एका 'सर्वोत्तम आसना'ची जाहिरात करतात, त्याचं कूळ थेट या राजाच्या खुर्चीशी जुळतं. माझं म्हणणं असं, की बसण्याच्या जागांचा आपला इतिहास या एका खुर्चीपेक्षा पुष्कळ शहाणा आहे आणि घरात खोली आखताना तोच कामाला येतो.

सुरुवात भरतमुनींपासून करावी लागते. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाचा. त्यात मंडपाचे तीन आकार आणि तीन मापं सांगितली आहेत. माणसांच्या नाटकासाठी पसंती दिली आहे ती मधल्या मापाला, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर 96 फूट बाय 48 फूट. त्यातला निम्मा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे 48 फुटांचा चौरस. याहून मोठा का नको याचं कारणही दिलंय: शब्द अस्पष्ट होतील आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान, वारा आत घुसू नये, म्हणजे आवाज भरीव राहील. आणि बसायच्या जागा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत्या, विटांच्या आणि लाकडाच्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या टेबलावर पडलेल्या कामाची यादीच वाचतेय असं वाटलं: खोलीचं माप, लांबी-रुंदीचं प्रमाण, दारं-खिडक्या, मागच्या रांगेचा चढ. त्याच अध्यायात चार वर्णांच्या नावाचे चार रंगांचे खांबही आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचा संबंध कोणी कुठे बसायचं याच्याशी जोडला आहे. म्हणजे डोळ्या-कानांचा विचार आणि समाजातल्या पायरीचा विचार पहिल्यापासून एकाच नकाशात बसलेले.

तिथून मराठी नाटकाकडे येऊ. 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, राजवाड्यात. दरबाराची बैठक ठरलेली असते. तिथे तिकीट नसतं, मान असतो. दहा वर्षांनी, 1853 साली, भाव्यांची मंडळी मुंबईत गेली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ झाले. ते थिएटर इंग्रजी धाटणीचं होतं. मला हा बदल फार मोठा वाटतो. मानाऐवजी पैसा आला, आणि पैसा कोणाच्याही खिशात असू शकतो. जो रुपये मोजेल तो पुढे बसेल. यात न्याय पुरता नव्हता, पण दाराची एक फळी निघाली होती.

बायकांसाठी मात्र ती फळी तशीच राहिली. त्यांची बसायची जागा वेगळी, बऱ्याचदा वरच्या गॅलरीत किंवा एका बाजूला. एकोणिसाव्या शतकातल्या नाटकांच्या हस्तपत्रिकांत कुलीन स्त्रियांची जागा निराळी आणि कलावंतिणींची निराळी असंही छापलेलं सापडतं. सिनेमा आला तोही याच वाटेने. 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट सरसकट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दरांची उतरंड लागली. पडदानशीन बायकांसाठी राखीव बॉक्सही ठेवले गेले. चित्र सगळ्यांना तेच दिसणार होतं. चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला यांच्यातला फरक फक्त जागेचा.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. ती आहे जत्रेतला तंबू.

माझ्या आजीने तिच्या तरुणपणी सिनेमे पाहिले ते तंबूतच. ती बोलायला लागली की मी फक्त विचारत राहायची. ट्रकवर प्रोजेक्टर, बांबूंना ताणलेला पांढरा पडदा, मध्ये कनात लावून एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. दर तीन: जमीन, बाकडं, खुर्ची. जमीनवाले सगळ्यांत पुढे, घरून आणलेलं पोतं नाहीतर घोंगडं अंथरून. त्यांच्या मागे बाकडी. बाकड्यांच्या मागे, प्रोजेक्टरच्या जवळ, पाटील, सावकार, मास्तर यांच्यासाठी लोखंडी घडीच्या खुर्च्या. उघड्यावर खेळ असला तर काही लोक पडद्याच्या पलीकडच्या बाजूलाही बसत, कारण कापडातून चित्र आरपार दिसतंच. उजव्याचं डावं होतं एवढंच. आजी जमिनीवर बसायची. तिला विचारलं, की मान दुखायची नाही का, तर म्हणायची, "दुखंल की. पन फुडं कुनाचं डोस्कं न्हाई."

हे वाक्य म्हणजे बैठकीच्या शास्त्रातलं पहिलं कलम आहे. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो. खुर्चीवर बसलेल्याचा पावणेचार फुटांवर, बाकडं खुर्चीपेक्षा बुटकं असलं तर थोडा खाली. उभ्या माणसाचा त्याहून कितीतरी वर. डोळ्यापासून टाळूपर्यंतचं अंतर चार-पाच इंच. म्हणजे पुढे जमीन, मग बाकडं, मग खुर्ची आणि सगळ्यांत मागे उभे राहणारे, अशी माणसं लावली की सपाट शेतातसुद्धा पायऱ्या तयार होतात. एक वीट लागत नाही, फळी लागत नाही, दुसऱ्या दिवशी तंबू उचलून पुढच्या गावाला नेता येतो. भरतमुनींचा जिना या लोकांनी माणसांच्या बसण्यातून उभा केला. तंबूवाल्यांनी कोणाचं पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांनी रोज रात्री मागून "खाली बस" असा ओरडा ऐकला होता, आणि तो ओरडा बंद कसा होईल हे शोधून काढलं होतं.

याच प्रश्नावर युरोपात जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश माणसाने 1838 साली निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की सभागृहाचा चढ सरळ ठेवून चालत नाही. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून प्रत्येकाची नजर सारखीच सुटायची असेल तर मागे जावं तसा चढ वाढत गेला पाहिजे, म्हणजे मजल्याची रेघ वाकडी, वर वळत जाणारी हवी. नजर जिथून सुटते तिथून आवाजही बिनअडथळा पोचतो, हा त्याचा दुसरा मुद्दा. शिकागोच्या ऑडिटोरियममध्ये 1889 साली वास्तुविशारद डँकमार अ‍ॅडलरने हीच वाकडी रेघ वापरली. हाच रसेल पुढे जहाजं बांधण्यात पडला. 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज त्याच्याच कारखान्यात तयार झालं आणि 1870 मध्ये त्याच जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकली. रांगांचा चढ मोजणाऱ्या माणसाच्या हातचं काम आपल्या किनाऱ्यापर्यंत अशा आडवाटेने पोचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोल्हापूरकरांना हे सगळं समजायला शिकागोला जावं लागत नाही. 1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले आणि त्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं. परत आल्यावर खासबाग मैदानाची कल्पना आकाराला आली आणि 1912 साली मैदान तयार झालं. मधोमध कुस्तीचा हौदा, भोवती गोल, मागे चढत जाणारी मातीची बैठक. मी लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेले तेव्हा फार मागे जागा मिळाली होती, आणि तरी हौद्यातल्या पैलवानाने पट काढलेला दिसला. कुस्तीला पाठ नसते. चारी बाजूंनी ती सारखीच पाहता येते, म्हणून गोल बैठक तिला शोभते. नाटकाला पाठ असते. म्हणून शेजारीच 1915 साली उभ्या राहिलेल्या पॅलेस थिएटरात, ज्याला आपण आज संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो, सगळ्या खुर्च्यांची तोंडं एका दिशेला. एकाच राजाने एकमेकांना लागून दोन प्रेक्षागारं बांधली आणि दोन्हींत खेळ पाहून बैठक ठरवली. माझ्या कामात येणाऱ्या नवशिक्या मुलांना मी आधी हीच जागा दाखवायला नेते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री शहरातले किती लोक रस्त्यावर येऊन रडले ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पुन्हा बांधायचं काम निघालं आहे. माझं मागणं साधं आहे: खुर्च्या पक्क्या करण्याआधी शेवटच्या रांगेच्या दोन्ही टोकांना कोणाला तरी बसवून बघा, आणि तो माणूस उंचीने बुटका निवडा.

हे मागणं मला शिकवलं माझ्या वडिलांनी. ते एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीवर बसत. समोर प्लॅन पसरलेला, रांगांची अक्षरं, चौकटींत आकडे, हातात लाल-निळी पेन्सिल. संगणक यायच्या आधीचे दिवस. खिडकीतून हात आत आला की ते आधी हात बघत आणि मग जरा वाकून माणूस बघत. म्हातारा जोडा असला तर कडेची जागा, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कोणाचे गुडघे ओलांडायला नकोत. कडेवर मूल असलेली बाई असली तर दाराजवळ. उंच माणूस पुढच्या रांगेत मागायला लागला तर त्याला गोडीगुलाबीने मागे सरकवत. खांबाआडच्या दोन जागा ते शेवटपर्यंत विकत नसत आणि हाऊसफुल्ल असताना कोणी फारच अजिजी केली तर आधी सांगून देत, की खांब येतो. नंतर तक्रार आली नाही की समाधानाने जेवत. तिकिटाचा दर छापलेला असे, पण चांगली जागा कोणाला द्यायची याचा थोडासा अधिकार त्या पेन्सिलीकडे होता, आणि तो त्यांनी दुबळ्यांसाठी वापरला.

त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं, की नाटकात पुढची रांग महाग आणि सिनेमात पुढची रांग स्वस्त. नाटकात डोळ्यांची हालचाल बघायला पुढे यावं लागतं. सिनेमात पडदा एवढा मोठा, की पुढच्याला मान वर करून अर्धंच चित्र एका वेळी दिसतं. म्हणून तिथे सगळ्यांत महाग बाल्कनी, सगळ्यांत स्वस्त पुढची बाकडी. पण एवढंच कारण असतं तर बाल्कनीला निराळा जिना कशाला लागला असता? खालच्या गर्दीचा स्पर्श नको, हाही त्या तिकिटाचा भाग होता. नजरेचा हिशेब आणि प्रतिष्ठेचा हिशेब नेहमी जुळतोच असं नाही. अमेरिकेत व्हाइट हाउसमध्ये 1942 साली टोप्या-कोट ठेवायच्या खोलीचा छोटा सिनेमा हॉल केला. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या आरामखुर्च्या पहिल्या रांगेत मांडल्या. मान त्यांचीच अवघडली असणार. त्याउलट जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरने 1876 साली आपलं ऑपेरागृह उघडलं तेव्हा पंख्यासारखी पसरणारी एकच चढती बैठक ठेवली आणि राजेलोकांचे बॉक्स सगळ्यांत मागे नेले. रंगमंच सरळ सगळ्यांपुढे, राजाही त्यांच्या मागून बघणारा. मला हा नकाशा फार आवडतो.

आवाजाचं आणखी वेगळं. तिथे खुर्चीच वाद्यात शिरते. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. त्याने रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या-थोड्या करून व्याख्यानगृहात मांडल्या आणि प्रत्येक वेळी घुमणं किती सेकंदांवर आलं ते मोजलं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. किती गाद्यांनी किती आवाज शोषला जातो हे हाती आलं आणि त्यातून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. 1900 साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच हिशेबावर बांधला. म्हणून कोणी मला चकचकीत रेक्झिनच्या सोफ्याचा फोटो पाठवला तर मी जाड कापडाचा आग्रह धरते. रेक्झिनवरून आवाज परततो, कापडात मुरतो. रिकाम्या नाट्यगृहात तालीम करणाऱ्या नटांना हे आधीपासून ठाऊक होतं: माणसं भरली की घुमारा जातो.

सिनेमा घरात शिरायला फार वेळ लागला नाही. फ्रान्समध्ये पाथे कंपनीने 1922 च्या अखेरीस 'पाथे बेबी' हा घरगुती प्रोजेक्टर काढला, पुढच्या वर्षी कोडॅकची सोळा मिलीमीटरची फिल्म आली. पण ते श्रीमंतांचं. आपल्याकडे घरात खरी बैठक भरली ती टीव्हीसमोर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. गल्लीत एखाद्याच घरात सेट असे आणि छायागीत या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी ते घर सगळ्यांचं होई. मग 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी साडेनऊला रामायण. मी तेव्हा शाळेत होते. आमच्याकडे टीव्ही होता, म्हणून समोरच्या खोलीत पुढे सतरंजीवर आम्ही पोरं, त्यांच्या मागे पाटांवर आणि पलंगाच्या कडेला बायका, मागे खुर्च्यांत आजोबा आणि शेजारचे निवृत्त काका, आणि दारात, खिडकीच्या गजांपाशी उभी असलेली माणसं. कोणी प्लॅन काढला नव्हता. तंबूतली तीच उतरंड, दर मात्र नाही. उलट तंबूत ज्या पुढच्या जागा सगळ्यांत स्वस्त होत्या त्या इथे पोरांना हट्टाने हव्या असत. आणि आई? ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी, कुकरकडे एक कान. तिला बसायला जागा होती; तिथून पडदा दिसत नव्हता. मी आज ज्या खोल्या आखते त्यांच्यात हा उंबरा माझ्या डोळ्यांसमोर असतो. बऱ्याच घरांत सिनेमाची खोली वरच्या मजल्यावर मागतात आणि स्वयंपाकघर खाली. मी विचारते, की मग वहिनी कधी बघणार? खोली जेवणघराला लागून घेता येते का, ते आधी बघू.

आता त्या मधल्या खुर्चीकडे. एक नेहमीची खोली घेते, सोळा फूट लांब, बारा फूट रुंद, शंभर इंची पडदा. बंद खोलीत खर्जाच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभ्या राहतात. सोळा फुटांच्या लांबीत पहिली लाट सुमारे 35 हर्ट्झची, बारा फुटांच्या रुंदीत 47 च्या आसपास. या लाटा भिंतींपाशी जोरात असतात आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे लांबीच्या आणि रुंदीच्या मध्यावर, कर्त्या माणसाने जिथे बोट ठेवलं होतं नेमकं तिथे, ढोलाचा खालचा ठोका सगळ्यांत दुबळा पोचतो. आणि जागा वाचवायला सोफा मागच्या भिंतीला चिकटवला तर तोच ठोका नको इतका घुमतो. शिवाय पाच स्पीकरच्या मांडणीत जे दोन आजूबाजूचे, त्यांनी ऐकणाऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे, समोरच्या रेषेपासून सुमारे 110 अंशांवर असायला हवं, त्यांना मागे जागाच उरत नाही. हे मी कागदावर दाखवते. बहुतेक जण समजून घेतात. एका गृहस्थांनी मात्र रागाने विचारलं, "मग घर माझं असून मी कडेला बसू व्हय?" मी म्हटलं, कडेला नाही, मधल्या रेघेच्या थोडं इकडे तुम्ही, थोडं तिकडे वहिनी.

अंतराचा हिशेबही आता मोजलेला आहे. शंभर इंची पडदा सव्वासात फूट रुंद. दहा फुटांवरून तो नजरेत 40 अंश व्यापतो, साडेतेरा फुटांवरून 30. सिनेमावाले या दोन आकड्यांच्या मध्ये बसायला सांगतात. पोरांना याहून जवळ आवडतं आणि त्यांना बसू द्यावं. खरी अडचण येते ती मागच्या रांगेची. माहितीपत्रकांतली चित्रं अमेरिकेतल्या तळघरांची असतात. तिथे मागच्या रांगेखाली फूटभर उंच लाकडी चौथरा करतात. आपल्या खोल्यांची उंची साडेनऊ फूट, त्यात खालून चौथरा, वरून आवाज शोषणारं छत, पंखा, एसी. चौथऱ्यावर उभं राहिलेल्याचं डोकं छताजवळ जातं आणि प्रोजेक्टरच्या झोतात येतं. म्हाताऱ्या माणसांना अंधारात ती पायरी उतरणं धोक्याचं. मी चौथरा शक्यतो करत नाही. मी तंबू करते.

अलीकडे गडहिंग्लजकडच्या एका घरात याच मापाची खोली आखली. घरात कर्ते गृहस्थ, त्यांच्या पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. आईंना खुर्चीत पाय लोंबकळतात म्हणून मांडी घालूनच बसायला आवडतं. रिक्लायनरचा विषय निघाला की त्या उठून जात. मुलाचा आग्रह होता की आईला सगळ्यांत भारी खुर्ची घ्यायची. मी आईंना जमिनीवर बसवलं आणि डोळ्याची उंची मोजली. नकाशाची पहिली रेघ तिथून ओढली. पडद्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे जमिनीवरून बघणाऱ्याला मान फार उचलावी लागणार नाही. पडद्यापासून नऊ फुटांवर भिंतीपासून सुटी अशी चार इंची गादी, पाठीला लोड, आई आणि मुलींसाठी. अकरा फुटांवर कापडी सोफा, दोघा नवरा-बायकोंचा आणि वडिलांचा. वडिलांना कडेची जागा, कारण त्यांना मध्ये उठावं लागतं. साडेतेरा फुटांवर भिंतीपासून अडीच फूट सोडून उंच बैठकीचे चार स्टूल आणि समोर हात टेकायला अरुंद फळी, पाहुण्यांसाठी. डोळे अडीच-पावणेतीन फूट, पावणेचार फूट, पाच फूट. सोफ्यावरून पडद्याच्या खालच्या कडेपर्यंतची नजर गादीवर बसलेल्यांच्या डोक्यावरून सुटते. स्टुलावरून सोफ्याच्या डोक्यांवरून तीन-चार इंचांनी सुटते. एवढं पुरतं, पण सोफ्याची पाठ डोक्याहून उंच असता कामा नये. बाजारात मिळणाऱ्या निम्म्या रिक्लायनरची ती असते.

म्हणून सोफा गावातल्या सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. त्याला कागदावर लिहून दिलं: बैठक सतरा इंच, पाठ जमिनीपासून छत्तीस इंचांच्या वर नको, कापड जाड सुती, आणि डाव्या कडेला हात टेकायचा दांडा पक्का, आजोबा त्याच्यावर भार देऊन उठतील.